स्थानिक पेयाचे व्रत

व्रत घेणे ही मनुष्याची फार जुनी सवय आहे. चातुर्मासात कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी आठवड्यातून एक दिवस बोलणे सोडतो. व्रताचा विषय ऐकून हसणे सोपे असते. परंतु त्या विषयाच्या आडून मनुष्य कोणत्या प्रश्नाशी झगडत आहे हे पाहू गेल्यास हसू बहुधा ओसरते. आमच्या एका स्नेह्यांनी गेली कित्येक वर्षे असे एक व्रत चालविले आहे. प्रवासात ज्या गावी मुक्काम पडेल त्या गावी तयार झालेली बीअर मिळाली तर घ्यावयाची. न मिळाली तर पाणी पिऊन निजावयाचे. परगावची बाटली मात्र उघडावयाची नाही. हे त्यांनी प्रथम आमच्या घरी सांगितले तेव्हा वडील मंडळी चपापली, तरुण मंडळी हसली, आणि यात विचार करण्याजोगे काही असेल असे आम्हांला स्वतःलाही, खरे सांगावयाचे तर, मुळीच वाटले नाही.

मद्य सेवन करावे की न करावे हा वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांच्या घरी ती वस्तू वर्ज्य आहे त्यांनी ती खुशाल वर्ज्यच ठेवावी, आणि बीअरच्या जागी गूळ, तांदूळ, कापड किंवा नोकरी असा शब्द घालून हा लेख वाचावा. मुद्दा पुष्कळ अंशी तोच राहील. जेथे तो बदलतो तेथे आम्हीच थांबून तसे सांगू.

आमचे स्नेही अभियंते आहेत. कारखान्यांतील यंत्रे तपासण्याच्या कामासाठी वर्षाचे चार-पाच महिने त्यांना फिरतीवर काढावे लागतात. सायंकाळी एक बाटली, तीही रोज नव्हे, एवढेच त्यांचे व्यसन. त्यास व्यसन म्हणावे की नाही हे वाचकांनीच ठरवावे. आपल्या नियमाच्या समर्थनार्थ ते तीन कारणे देतात. पहिले कारण जिभेचे: एकच चव सर्वत्र घ्यावयाची असेल तर घर सोडून जावे कशाला? दुसरे न्यायाचे: ज्या गावाचे आदरातिथ्य आपण घेतो त्या गावात आपला पैसा राहावा. तिसरे संयमाचे: नियम असला म्हणजे मोह आवरतो, कारण दहांपैकी सात गावी स्थानिक बीअर मिळतच नाही. ही तिन्ही कारणे आम्हांला प्रथमदर्शनी निर्दोष वाटली होती. ती सदोष आहेत असे आजही आम्ही म्हणत नाही. परंतु गेल्या वर्षी पंधरा दिवसांच्या कामासाठी ते चाकणला आले, आणि त्या पंधरा दिवसांत त्यांच्या नियमाची जी परीक्षा झाली तीत आमचीही थोडी झाली.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा 'स्थानिक' या शब्दाला फारसा अनुकूल नाही. चिंचवडला मोरया गोसावींचे स्थान. देहू तुकोबांचे, आळंदी ज्ञानोबांची. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाएस्तेखानाच्या सैन्याविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढविला. हा झाला जुना इतिहास. नवा इतिहास १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला तेथून धरावा. पुढे टेल्को आली, आकुर्डीस बजाज आली, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. चाकण त्या वेळी कांद्याच्या बाजाराकरिता प्रसिद्ध होते. कांद्याचा बाजार आजही आहे. परंतु त्याच्या भोवती आता जर्मन, कोरियन, जपानी आणि देशी कारखान्यांची रांग उभी आहे, आणि पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर जी माणसे दिसतात त्यांच्या बोलीत मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा आणि बंगाल एकदम ऐकू येतात.

पहिल्याच सायंकाळी आमचे स्नेही आम्हांस घेऊन रस्त्यालगतच्या एका परमिट रूममध्ये गेले. आमच्यापुढे लिंबू-सोडा आला. त्यांनी वेटरला विचारले, "इथं तयार झालेली बीअर कोणती आहे?" त्याने पाच-सहा नावे सांगितली. आमच्या स्नेह्यांनी एक एक बाटली मागवून तिच्यावरील बारीक अक्षरे चष्मा वर करून वाचली. बहुतेक बाटल्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, औद्योगिक वसाहतीतून आलेल्या निघाल्या. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. "ही इथली नव्हे," ते म्हणाले. वेटर हसून म्हणाला, "साहेब, इथं इथलं काय आहे? मीसुद्धा इथला नाही." तो ओडिशातील बालेश्वरकडचा होता. इकडे येऊन त्याला अकरा वर्षे झाली होती, आणि त्याचे मराठी आमच्या शेजारच्या मुलांपेक्षा स्वच्छ होते.

या उत्तराने आम्हांस एक गोष्ट आठवली. महाराष्ट्राच्या उद्योगधोरणात शेकडा ८० नोकऱ्या स्थानिकांस द्याव्यात असा दंडक आहे, आणि 'स्थानिक' म्हणजे राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला मनुष्य, असा त्याचा अर्थ सरकारने लाविला आहे. म्हणजे सरकारच्या मते स्थानिकपण हे जन्माने येत नाही, राहण्याने येते. आणि आमचा वेटर त्या पदवीपासून चार वर्षे दूर होता. बाटलीला मात्र अशी मुदत नाही. ती महिन्या-दोन महिन्यांत रिकामी होते.

"मग पुण्याला जाऊ," आम्ही सुचविले. पुण्यात २००९ साली आपल्याच जागेत बीअर तयार करून तेथेच विकणारी पहिली छोटी भट्टी निघाली, आणि त्यानंतर तशा अनेक निघाल्या; काहींत ज्वारी-बाजरीचे आणि कोकमाचेही प्रयोग होतात. आमच्या स्नेह्यांनी गंभीरपणे उत्तर दिले, "पुण्यात मुक्काम असता तर गेलो असतो. मुक्काम चाकणला आहे." तीस किलोमीटरांवरचे पुणे परगाव, आणि दोनशे किलोमीटरांवरचे संभाजीनगर हेही परगाव! नियमाची हद्द नेमकी कोठे, ग्रामपंचायतीच्या वेशीवर, तालुक्याच्या सीमेवर, की जिल्ह्याच्या, असे आम्ही विचारले तेव्हा ते प्रथमच थोडे अडखळले.

येथपर्यंत सर्व विनोदात चालले होते. विनोद संपला तो पुढच्या रविवारी. ज्या कारखान्यात त्यांचे काम चालू होते तेथील एका फोरमनने मोशीतील आपल्या नव्या घरी आम्हां दोघांना जेवावयास बोलाविले. गृहस्थ मूळचे लातूरचे. वीस वर्षे भाड्याच्या खोलीत काढून त्यांनी दोन खोल्यांचे घर घेतले होते. पाहुणा बीअर घेतो हे त्यांना कोणीतरी सांगितले होते, आणि एरवी स्वतः न घेणाऱ्या त्या गृहस्थाने दुकानातून सर्वांत महाग, परदेशी नावाच्या दोन बाटल्या आणून परातीत बर्फ घालून ठेविल्या होत्या. आमच्या स्नेह्यांनी त्या पाहिल्या, हात जोडले, आणि आपले व्रत अत्यंत नम्रपणे सांगितले. परगावची बाटली ते घेत नाहीत.

यजमानांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटले ते आम्ही विसरू शकत नाही. त्यांनी परात उचलून आत नेली. परत आले तेव्हा ते हसत होते. म्हणाले, "साहेब, आमच्या लातूरला २०१६ साली पाणी रेल्वेनं आलं होतं. मिरजेचं पाणी. परगावचं आहे म्हणून आम्ही काही परत पाठवलं नाही." हे बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना ते खरेच आठवले होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचविले, आणि पुढे कित्येक आठवडे त्या गाड्या येत राहिल्या, हे आमच्या वाचकांस आठवत असेलच.

परतताना गाडीत आमचे स्नेही बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी चुकलो का हो?" या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम स्थानिक म्हणजे काय ते पाहू. बीअर चार वस्तूंची होते: मोड आणून भाजलेले सातू, हॉप्स नावाच्या वेलीची फुले, यीस्ट आणि पाणी. आपल्या देशात सातू मुख्यत्वे राजस्थान आणि उत्तरेकडील प्रांतांत पिकतात. हॉप्स थोडे हिमाचलातील लाहौल खोऱ्यात होतात, बाकीचे समुद्रापलीकडून येतात. बीअरच्या यीस्टचे शुद्ध बीज वेगळे काढण्याची रीत एमिल हान्सेन या शास्त्रज्ञाने १८८३ साली कोपनहेगन येथे बसविली, आणि तेव्हापासून ते बीज नळीत बसून जगभर प्रवास करीत आहे. तेव्हा पुण्यात तयार झालेल्या बीअरमध्ये पुण्याचे असे बहुधा पाणीच असते, आणि कारागिराचे हात.

पण कारागीर तरी तेथलाच असतो काय? जगात आज सर्वांत अधिक अनुकरण ज्या बीअरचे होते तिला पिल्सेन या बोहेमियातील गावाचे नाव आहे. स्थानिक पेयाचे याहून मोठे उदाहरण सापडणार नाही. परंतु १८४२ साली तिची पहिली भट्टी लावणारा योझेफ ग्रोल हा पिल्सेनचा नव्हता. गावकऱ्यांनी आपली बीअर वाईट होते म्हणून त्याला बव्हेरियातून बोलावून आणिले होते. पिल्सेनचे मृदू पाणी आणि परक्याची विद्या यांतून पिल्सेनचा अभिमान जन्मास आला. शब्दांचीही तीच गत. पुण्याच्या त्या २००९ सालच्या भट्टीचे नाव 'डूलाली' असे आहे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वेडगळ असा होतो, आणि तो नाशिकजवळच्या आमच्या देवळालीवरून पडला. तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, अशी त्याची कथा आहे. देवळालीचे नाव विलायतेस जाऊन वेडे होऊन परत आले व पुण्यात बीअरच्या पाटीवर बसले. त्यास आता स्थानिक म्हणावे की परदेशी?

आमच्या पिंपरीकडेच पाहा. बीअर ज्या क्रियेने होते तिला आंबविणे म्हणतात, आणि मोठमोठ्या टाक्यांत सूक्ष्म जीव वाढवून आंबविण्याचे शास्त्र या पट्ट्यात गाजले ते मद्यासाठी नव्हे, पेनिसिलिनसाठी. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या शास्त्रज्ञांना पिंपरीच्याच मातीत एक नवा जीव सापडला. त्यास पिंपरीवरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव मिळाले, आणि १९६१ च्या सुमारास त्यापासून हॅमायसिन हे बुरशीच्या रोगांवरील औषध निघाले. पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचा जगभर पसरलेला उत्तम वंश मात्र अमेरिकेतील पिओरिया या गावच्या बाजारात मिळालेल्या एका सडक्या खरबुजावरचा. पिंपरीचे औषध पिंपरीचे म्हणून कोणी अधिक गुणकारी मानले नाही, आणि पिओरियाची बुरशी परकी म्हणून कोणा आजाऱ्याने नाकारली नाही. वस्तू जितकी गरजेची तितका तिच्या जन्मगावाचा प्रश्न आपण कमी विचारतो. लातूरच्या गृहस्थाने हेच सांगितले होते.

यावर आमचे स्नेही म्हणतील की, गरजेच्या वस्तूला हा नियम लावू नये, चैनीच्या वस्तूला लावावा. चैन करावयाची तर ती निदान शेजाऱ्याच्या उपयोगी पडावी. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि त्यास मोठी परंपराही आहे. चाकणहून मुंबईच्या रस्त्याकडे निघाले की तळेगाव दाभाडे लागते. तेथे १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून तो निधी जमविला होता. टिळकांचा त्यास पाठिंबा होता. आणि काचेची विद्या शिकविण्यासाठी आले होते ते उत्तर हिंदुस्थानातील ईश्वरदास वार्ष्णेय, जे स्वतः ती परदेशातून शिकून आले होते. म्हणजे स्वदेशीच्या त्या ऐन बहरातही, माणूस कोठला आणि विद्या कोठली याची चौकशी कोणी केली नाही. चौकशी एवढीच होती की, या उद्योगाने येथील माणसाच्या हाताला काम आणि अंगाला बळ येते की नाही. गांधींनी १९१६ साली मद्रासेस स्वदेशीची जी व्याख्या केली तीही सेवेच्याच अंगाने: जवळच्याची सेवा आधी.

त्याच १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन करणारे स्वयंसेवक उभे होते आणि टिळक त्यांच्या पाठीशी होते. जे पुढारी देशी काच घ्या म्हणून सांगत होते तेच देशी दारू घेऊ नका म्हणून सांगत होते, आणि यात त्यांना विसंगती वाटली नाही. वस्तू जवळची आहे एवढ्याने ती चांगली ठरत नाही, हे त्यांना उघड दिसत होते. येथे आमचा मुद्दा गूळ-तांदळापासून वेगळा होतो, म्हणून थांबतो. सर्वांत स्थानिक दारू कोणती म्हणाल तर हातभट्टीची. ती ओढ्याच्या काठी तयार होते, गावात विकली जाते आणि पैसाही गावातच राहतो. आमच्या स्नेह्यांच्या तिन्ही कसोट्यांस ती उतरते. परंतु जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत असल्या विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि ती बहुतेक कष्टकरी होती. सुशिक्षित प्रवासी 'स्थानिक पेय' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ही भट्टी नसते. स्वच्छ काचेच्या पेल्यातील, नक्षीदार पाटीखालची भट्टी असते. मग प्रामाणिकपणे असे म्हणावे की, आम्हांस स्थानिक नको, स्थानिकातील निवडक हवे. त्यात लाज नाही; पण त्यास न्यायाचे नाव देऊ नये.

न्यायाच्या कारणाची दुसरी परीक्षा पाण्याची. बीअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि एक लिटर बीअर होण्यास कारखान्यात त्याच्या कित्येक पट पाणी लागते. वर सांगितल्याप्रमाणे तिच्यात खरोखर स्थानिक असे काही असेल तर ते हेच. लातूरला रेल्वेने पाणी जात होते त्याच एप्रिलमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मराठवाड्यातील मद्याच्या कारखान्यांचे पाणी निम्म्याने कापण्याचा हुकूम द्यावा लागला. त्या उन्हाळ्यात संभाजीनगरला उतरलेला आमचा स्नेही तेथील बीअर नियमाप्रमाणे निःशंक घेऊ शकला असता, आणि तेथील तहानलेल्या माणसाला त्याचा काडीइतका उपयोग झाला नसता. स्थानिक वस्तू घेणे म्हणजे स्थानिकाचे हित करणे, हे समीकरण एवढे सरळ नाही. कधी कधी स्थानिकाचे हित त्याची वस्तू त्याच्यापाशीच राहू देण्यात असते.

हे लिहीत असता आमची लेखणी आमच्याकडेच वळते. आमच्या घरच्या नळाला पाणी येते ते पवनेचे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी आणण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे त्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि एका स्त्रीसह तिघे मृत्यू पावले. योजना स्थगित झाली. शहराला पाणी लागतेच, लाखो कष्टकऱ्यांना लागते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्यांच्या शिवारातून ती नदी वाहते त्यांचे म्हणणे आम्ही त्या दिवसापर्यंत कधी ऐकले होते काय? आमच्या स्नेह्यांनी बाटलीवरील बारीक अक्षरे तरी वाचली. आम्ही तर रोज पेलाभर पाणी कसलीही अक्षरे न वाचता पितो.

आता तिसरा विचार. आमचे स्नेही एक प्रश्न विचारतात: ही बाटली कोठून आली? याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारावयास पाहिजे: ती कोठे जाते? बाटली कोठेही भरलेली असो, फुटते ती येथेच. तिची किंमत ज्या पगारातून जाते तो येथला, ज्या घरात त्या रात्री भांडण होते ते घर येथले, ज्या रस्त्यावर गाडी घसरते तो पुणे-नाशिक रस्ताही येथलाच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा हुकूम दिला तो याच कारणाने. पुढे शहरांच्या हद्दीत तो सैल झाला. महाराष्ट्रात आणखी एक नियम आहे, आणि आमच्या मते स्थानिकपणाचा विचार याहून खोल कोठेही केलेला नाही. एखाद्या गावातील किंवा प्रभागातील स्त्रियांनी मागणी केली तर मतदान घ्यावे लागते. एका चित्रात बाटली उभी असते, एका चित्रात आडवी. आणि निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर ते दुकान बंद होते. त्या स्त्रिया बाटली कोणत्या गावी भरली हे विचारीत नाहीत. ती कोणाच्या दारात रिती होते हे त्यांना ठाऊक असते.

म्हणून आम्ही आमच्या स्नेह्यांस सांगितले की, तुमचे व्रत वाईट नाही, अपुरे आहे. जिभेचे कारण खरे आहे. नव्या गावची नवी चव घ्यावी, मनुष्याचे कुतूहल हा काही दोष नव्हे. संयमाचे कारणही खरे आहे. नियमाने तुमच्या दहा संध्याकाळींपैकी सात कोरड्या जातात, आणि आमच्या घरच्या वडील मंडळींस तुमच्या व्रताचा हाच भाग सर्वांत आवडला. न्यायाचे कारण मात्र तुम्ही फार स्वस्तात पदरात पाडून घेतले. न्याय बाटलीवरची अक्षरे वाचून होत नाही. पाणी कोणाचे, काम कोणाचे, आणि मागे उरणारे दुःख कोणाचे, एवढे विचारल्यावर तो थोडासा होतो.

राहिली त्या रविवारची गोष्ट. व्रत हे स्वतःच्या खर्चाने करावयाचे असते. उपवास करणाऱ्याने स्वतः उपाशी राहावे. यजमानाची चूल विझवू नये. ज्या क्षणी आपल्या नियमाचे मोल दुसऱ्यास द्यावे लागते त्या क्षणी नियम मोडावा असे मात्र आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर निर्व्यसनी मनुष्याला प्रत्येक आग्रहापुढे मान तुकवावी लागेल, आणि ते अनर्थाचे होईल. ज्याने मद्य सोडले आहे त्याचा नकार हा त्याच्या जिवाचा प्रश्न असतो, आणि तो यजमानाने मानलाच पाहिजे. परंतु आमच्या स्नेह्यांचा नकार तसा नव्हता. पेयाला त्यांची ना नव्हती. त्याच्या गावाला होती. आणि जो मनुष्य स्वतःच परगावचा म्हणून वीस वर्षे या पट्ट्यात वावरला, त्याच्या पहिल्या स्वतःच्या घरात बसून 'हे परगावचे, म्हणून नको' असे म्हणणे, हे शब्दाने कितीही नम्र असले तरी अर्थाने नम्र नव्हते. ती बाटली ज्या क्षणी त्या घरच्या बर्फात ठेविली गेली त्या क्षणी ती त्या घरची झाली होती. आमच्या स्नेह्यांनी हे मान्य केले. दुसऱ्या दिवशी ते एकटेच मोशीस गेले. तेथे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांना आळंदीस जावयाचे होते. आम्ही सकाळीच निघालो. समाधीचे दर्शन घेऊन घाटावर आलो तो इंद्रायणीच्या पात्रावर पांढरा फेस तरंगत होता. ठिकठिकाणी त्याचे हातभर उंच पुंजके झाले होते आणि वाऱ्याने ते पायऱ्यांवर येत होते. वरच्या अंगाच्या गावांचे, शहराचे आणि कारखान्यांचे न शुद्ध केलेले पाणी नदीत येते, त्यातील साबणासारख्या द्रव्यांचा हा फेस. गेल्या काही वर्षांत वारीच्या दिवसांतही तो वारंवार दिसला आहे. एक म्हातारी वारकरीण त्या फेसातच वाकली, हाताने तो बाजूस सारून तिने ओंजळभर पाणी घेतले, डोळ्यांस लाविले आणि तीर्थ म्हणून घोट घेतला.

आमचे स्नेही तिच्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "इथलं पेय हेच ना?"

आम्ही काही बोललो नाही. ज्या नदीकाठी मुक्काम त्या नदीचे पाणी ओंजळीने घेता येऊ नये, आणि त्याच काठी बसून आपण बाटलीच्या जन्मगावाची चिकित्सा करावी, यातील विपरीतपणा दोघांनाही एकदमच कळला असावा. त्या फेसात या पट्ट्यातील प्रत्येक घराचा वाटा आहे. आमच्या न्हाणीघराचाही आहे. स्थानिक म्हणून आम्ही जे निर्माण करतो त्यात तोही मोजला पाहिजे.

असो. मध्यंतरी त्यांचे पत्र आले. व्रत अजून चालू आहे. यजमानाच्या घरी मात्र ते लागू नाही, एवढी दुरुस्ती त्यांनी केली आहे. ज्या गावी जातात तेथे बाटलीच्या आधी पाण्याची चौकशी करतात, आणि त्यामुळे कोरड्या संध्याकाळी आता सातांच्या आठ झाल्या आहेत, असे ते लिहितात. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, इंद्रायणीचा फेस कमी झाला काय? त्या पत्रास आम्ही अद्याप उत्तर धाडलेले नाही.